चित्रपट एक, खेळ दोन

दिवाळीची सुटी जवळ आली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ताप-खोकल्याचे बोलणे आटोपते, औषधांची चिठ्ठी हातात पडते आणि दारापाशी थबकून आई किंवा वडील विचारतात, "डॉक्टर, हा एक व्हिडिओ गेम मागतो आहे. द्यावा का? तसा सिनेमावरचाच आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलाय तो सिनेमा." प्रश्न असा जाता जाता विचारला जातो, कारण तो वैद्यकीय नाही असा पालकांचा समज असतो. माझ्या मते तो बऱ्याच अंशी वैद्यकीयच आहे. मुलाची झोप, भूक, डोळे, भीती आणि संध्याकाळची चिडचिड या साऱ्यांशी त्याचा संबंध येतो, आणि त्या तक्रारी घेऊन हेच पालक दोन महिन्यांनी पुन्हा माझ्यासमोर बसणार असतात.

"सिनेमावरचाच आहे" या म्हणण्यात एक गृहीत दडलेले आहे. चित्रपट ओळखीचा, म्हणून खेळही ओळखीचा. चित्रपट मुलाला झेपला, म्हणून खेळही झेपेल. हे गृहीत किती कच्चे आहे ते समजण्यासाठी एकाच चित्रपटमालिकेवर निघालेले दोन खेळ शेजारी शेजारी ठेवून पाहू. मालिका आहे इंडियाना जोन्सची. डोक्यावर तपकिरी हॅट, हातात चाबूक आणि सापाची पराकोटीची भीती असलेला हा पुराणवस्तुशास्त्राचा प्राध्यापक आजच्या पालकांपैकी अनेकांनी स्वतःच्या बालपणी पाहिलेला आहे. त्यामुळे त्याच्याविषयी जिव्हाळा आहे, आणि जिव्हाळा असला की चौकशी कमी होते.

मुळात हे चित्रपट लहान मुलांचे होते का, हाच प्रश्न आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९८१ साली आला, दुसरा १९८४ मध्ये आणि तिसरा १९८९ मध्ये. दुसऱ्याचे नाव 'टेम्पल ऑफ डूम'. त्याचे कथानक १९३५ सालच्या भारतात घडते. पटकथेवर आपल्या सरकारने आक्षेप घेतल्यामुळे चित्रीकरण श्रीलंकेत करावे लागले. त्यातील क्रूर पुजारी मोलाराम म्हणजे आपले अमरीश पुरी. हा पुजारी जिवंत माणसाच्या छातीत हात घालून हृदय बाहेर काढतो, असे एक दृश्य त्यात आहे. हा चित्रपट अमेरिकेत त्या काळी 'पालकांच्या मार्गदर्शनाखाली सर्वांनी पाहण्याजोगा' या वर्गात प्रदर्शित झाला. मुलांना घेऊन गेलेले पालक संतापले. त्याच उन्हाळ्यात 'ग्रेमलिन्स' या चित्रपटानेही असाच गदारोळ उठवला, आणि मधला एखादा वर्ग असावा असे खुद्द स्पीलबर्ग यांनीच सुचवले. १ जुलै १९८४ पासून अमेरिकेत 'पीजी-१३' हा तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारा वर्ग सुरू झाला. म्हणजे ज्या चित्रपटामुळे वयाची नवी पायरी घडवावी लागली, तोच चित्रपट आज 'आम्ही लहानपणी पाहिलाच की' या एका वाक्यात निर्धोक ठरतो. आपण तो कितव्या वर्षी पाहिला आणि त्यानंतर किती रात्री आईच्या कुशीत झोपलो, याचा विसर पडलेला असतो.

आता खेळांकडे वळू. पहिला खेळ २००८ सालचा, 'लेगो इंडियाना जोन्स: द ओरिजिनल ॲडव्हेंचर्स'. पहिल्या तीन चित्रपटांच्या कथा यात लेगोच्या ठोकळ्यांच्या जगात मांडल्या आहेत. माणसे ठोकळ्यांची, गाड्या ठोकळ्यांच्या, देवळेही ठोकळ्यांचीच. शत्रूला ठोसा बसला, की त्याचे तुकडे खुळखुळत विखुरतात आणि नाहीसे होतात. रक्त नाही, किंकाळी नाही, प्रेत नाही. मूळ चित्रपटांतील नाझी सैनिकही येथे नुसते 'शत्रुसैनिक' झाले आहेत. पात्रे एक शब्दही बोलत नाहीत. हुंकार, हावभाव आणि मूकपटाला शोभेल अशी फजिती यांवरच कथा पुढे सरकते. इंग्रजी न येणाऱ्या मराठी मुलाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

डॉक्टर म्हणून मला त्यातली वेगळीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या खेळात हरता येत नाही. खेळाडूच्या बाहुल्याला चार हृदये असतात. ती संपली की बाहुला फुटतो, जमवलेली काही नाणी उधळली जातात आणि दुसऱ्या क्षणी तो तिथेच उभा राहतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला अपयश सोसण्याची सवय नुकती लागू लागलेली असते. चूक झाली, थोडेसे गेले, पुन्हा उठलो, ही मात्रा त्या वयाला झेपते. अर्ध्या तासाचे श्रम एका चुकीने मातीमोल होतात असा खेळ त्याच वयाच्या हाती दिला, तर कंट्रोलर भिंतीवर आपटला जाणे हे मुलाच्या स्वभावापेक्षा खेळाच्या रचनेचे फळ असते.

दुसरी सोय अशी, की दुसरा खेळाडू केव्हाही शेजारी बसून त्याच पडद्यावर सामील होऊ शकतो आणि केव्हाही बाजूला होऊ शकतो. आईने भाजी फोडणीला टाकून दहा मिनिटे खेळावे, कुकरची शिट्टी झाली की उठावे. दोघांनी मिळून तरफ ओढायची, पूल बांधायचा. नायक सापासमोर थिजतो, तेव्हा दुसऱ्या पात्राने पुढे व्हायचे. नायकाला भीती वाटते आणि तरीही तो नायकच राहतो, ही गोष्ट भित्र्या मुलाला कोणत्याही उपदेशाहून अधिक पटते, असे माझे निरीक्षण आहे.

मात्र या खेळाचा एक काच आहे आणि तो वेळेचा आहे. प्रत्येक भागात लपवलेल्या वस्तू असतात, आणि त्यांतील कित्येक पहिल्या फेरीत मिळतच नाहीत. इतर पात्रे हाती आल्यावर तोच भाग पुन्हा खेळावा लागतो. जे मूल गोळा करण्यात रमते, ते यात तासन्‌तास बुडते. शिवाय भाग अर्धवट सोडला, तर तो बहुतेक वेळा पहिल्यापासून खेळावा लागतो. "पाच मिनिटांत बंद कर" असे फर्मान सोडणाऱ्या वडिलांना मूल उद्धट वाटते. पण ते विसाव्या मिनिटाला असते आणि भाग तिसाव्या मिनिटाला संपणार असतो. घड्याळाऐवजी भाग मोजावा. 'आज एक भाग' हा करार मुलाला कळतो, पाळता येतो आणि मोडला तर मोडल्याचेही कळते.

एक बाब मात्र कोणत्याही परदेशी शिक्क्यावर लिहिलेली नसते. दुसऱ्या चित्रपटावरच्या भागांपैकी एकाचे नावच 'टेम्पल ऑफ काली' असे आहे. आपल्या घरात देवीची आरती म्हणणाऱ्या मुलाला पडद्यावर काली ही दुष्टांची देवता म्हणून भेटते. चित्रपटात तर राजवाड्यातील मेजवानीत माकडाचा मेंदू आणि जिवंत साप वाढले जातात, आणि हे म्हणजे भारत. यामुळे खेळ घरातून हद्दपार करावा असे मी म्हणणार नाही. पण आठ-दहा वर्षांचे मूल हे पाहून गप्प राहिले, तर ते समजले असे न मानता आपणच विषय काढावा: हे ज्यांनी लिहिले त्यांना आपला देश कसा दिसला, आणि आपण तो कसा पाहतो. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत तर हे बोलणे टाळूच नये. वर्गातले मित्र त्यांना याच चित्रपटावरून प्रश्न विचारतात.

दुसरा खेळ डिसेंबर २०२४ मधला, 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'. तीच हॅट, तोच चाबूक, तेच संगीताचे वळण. कथा १९३७ सालची, पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटांच्या दरम्यान घडणारी. व्हॅटिकन, इजिप्तमधील गिझा, थायलंडमधील सुखोथाई अशी फिरणारी. आरंभी पहिल्या चित्रपटातील सुप्रसिद्ध मूर्तिचोरीचा प्रसंग जसाच्या तसा उभा केला आहे. वडिलांचे डोळे तिथेच पाणावतात, आणि "ये रे, बस इकडे" म्हणून ते सात वर्षांच्या मुलाला मांडीवर ओढतात. नेमके इथेच थांबायला हवे.

हा खेळ जवळजवळ सारा नायकाच्या डोळ्यांतून दिसतो. पडद्याच्या खालच्या कडेला जे हात दिसतात ते 'माझे' असतात. समोरचा सैनिक खऱ्या माणसासारखा श्वास घेतो, ओरडतो, दयामाया न दाखवता अंगावर येतो, आणि त्याच्या डोक्यात हाती लागेल ती वस्तू, मग ते फावडे असो वा बाटली, घालायची असते. अंधारी भुयारे आहेत, सांगाडे आहेत, विंचू आहेत. चित्रपटात हाणामारी पाहताना मुलाला नायक जिंकणार हे ठाऊक असते, आणि नाही जिंकला तरी त्यात मुलाचा दोष नसतो. येथे नायकाचे जगणे-मरणे त्याच्या अंगठ्यावर अवलंबून असते. चित्रपटात नको असलेल्या दृश्याला डोळे मिटता येतात. खेळात डोळे मिटले की आपण हरतो. भीती तीच, पण तिच्याकडे टक लावून पाहण्याची सक्ती हा खेळाने घातलेला नवा भाग आहे.

हा खेळ वाईट आहे असा याचा अर्थ नाही. मोठ्या मुलांच्या दृष्टीने त्यात पुष्कळ चांगले आहे. कोडी आहेत, जुनी पत्रे आणि टिपणे वाचून उलगडायची रहस्ये आहेत, छायाचित्रे टिपायची आहेत. बऱ्याच ठिकाणी हाणामारी टाळून गुपचूप निसटता येते. मारामारीची कठीणता आणि कोड्यांची कठीणता स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते, हे मला विशेष आवडले. इटलीतील फॅसिस्ट आणि जर्मनीतील नाझी यांच्या काळाची ओळख झालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो इतिहासाच्या पुस्तकाकडे परत पाठवू शकेल. पण वाचन इंग्रजीत आहे आणि भरपूर आहे. ज्याला ते वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला खेळातली फक्त हाणामारी उरते.

वयाच्या शिक्क्यांविषयी पालकांना फारशी माहिती नसते. अमेरिकेत ईएसआरबी ही संस्था १९९४ पासून, तर युरोपात पेगी ही पद्धत २००३ पासून खेळांवर वयाचा शिक्का देते. लेगोच्या खेळाला युरोपने ७ हा आकडा दिला, अमेरिकेने दहा वर्षांवरील सर्वांसाठी असा. 'ग्रेट सर्कल'ला अमेरिकेने तेरा वर्षांवरील किशोरांचा वर्ग दिला, युरोपने मात्र १६ हा आकडा. म्हणजे एका खेळाच्या बाबतीत अमेरिका कडक, दुसऱ्याच्या बाबतीत युरोप. यात गोंधळ नाही, मोजपट्टी वेगळी आहे. हिंसा खऱ्या जीवनातल्यासारखी दिसू लागली, की पेगी १६ वर जाते. ठोकळे फुटण्याला ती तितकी किंमत देत नाही. दोन्ही शिक्के पाहावेत आणि त्यांत फरक असेल तर मोठा आकडा धरावा, असे मी सांगतो. आपल्याकडे चित्रपटांसाठी प्रमाणन मंडळ आहे, आणि २०२३च्या कायदादुरुस्तीने 'यूए' वर्गात ७, १३ आणि १६ अशा पायऱ्याही आल्या. व्हिडिओ गेम मात्र या मंडळाच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे परक्या शिक्क्यावर विसंबणे भाग आहे.

आणि शिक्का सांगतो तरी काय? खेळात काय दिसते आणि काय ऐकू येते एवढेच. खेळ किती कठीण आहे, तो थांबवणे किती अवघड आहे, आपले मूल कोणत्या गोष्टीला भिते, यांविषयी तो अक्षरही बोलत नाही. भीतीचेही वय असते. पाच-सहा वर्षांपर्यंतचे मूल दिसण्याला भिते: दात, डोळे, मुखवटा, मोठा आवाज. "ते खोटं आहे रे" या समजुतीचा तिथे उपयोग होत नाही. आठ-नऊ वर्षांनंतर मूल घडण्याला भिऊ लागते: चोर येईल, आग लागेल, आईबाबांना काही होईल. म्हणून गमतीदार राक्षसाला न भिणारे दहा वर्षांचे मूल खऱ्यासारख्या दिसणाऱ्या सैनिकापुढे हादरते, आणि त्याच्या धाकट्या बहिणीचे नेमके उलटे होते.

गेल्या वर्षी नऊ वर्षांचा एक मुलगा रोज संध्याकाळी पोट दुखते म्हणून आला. तीन आठवडे हेच चालले होते. वजन ठीक, तपासणीत काही नाही, जंतांचे औषध आधीच देऊन झालेले. सकाळी शाळेत जाताना पोट दुखत नव्हते, हे मला खटकले. शाळेमुळे दुखणारे पोट सकाळी दुखते. विचारता विचारता कळले, की सुटीत आत्याकडे गेला असताना पंधरा वर्षांच्या आतेभावाने एका भयपटावर बेतलेला खेळ त्याला दाखवला होता आणि दोन वेळा कंट्रोलरही हाती दिला होता. घरी परतल्यापासून अंधार पडू लागला की पोट दुखायला लागायचे, म्हणजे आजी जवळ घेऊन बसायची. घरी कोणाला सांगितले नाही, कारण दादा रागावेल आणि पुन्हा बोलावणार नाही. मी त्याला त्या खेळातले काय सर्वांत वाईट होते ते कागदावर काढायला सांगितले. त्याने एक दार काढले. दारामागे काही असते की नसते, हे खेळात प्रत्येक वेळी बदलत असे, आणि दार उघडण्याचे बटण त्यालाच दाबावे लागत असे. औषध काहीच दिले नाही. आईला एवढेच सांगितले, की झोपण्यापूर्वी काही दिवस दोघांनी मिळून घरातली सारी दारे उघडून बंद करावीत, आणि आतेभावावर कोणी रागावू नये. पंधरा-वीस दिवसांत पोट थांबले.

मुलाची झोप बिघडली असेल तर ती कशी बिघडली आहे ते पाहावे. पहाटेच्या सुमारास मूल जागे होऊन "मला असं स्वप्न पडलं" असे सांगत असेल, तर ते दुःस्वप्न. दिवसा काय पाहिले याची चौकशी करावी. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ते किंचाळून उठत असेल, समोर असूनही ओळखत नसेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर तो प्रकार वेगळा. त्याचा दोष खेळाला देण्याआधी अपुरी झोप, ताप यांचा विचार करावा आणि डॉक्टरांना दाखवावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठरा वयात आठ ते दहा. रात्री दहापर्यंत खेळून सकाळी सहाला शाळेच्या बससाठी उठणाऱ्या चौथीतल्या मुलाचे गणित इथेच चुकते. खेळ कितीही सात्त्विक असो. धावपळीचा खेळ बंद केल्यावर छातीतली धडधड आणि डोक्यातली घोडदौड लगेच थांबत नाही. झोपेआधीचा एक तास मोकळा असावा.

शरीराच्या आणखी दोन तक्रारी चित्रपटात सहसा उद्भवत नाहीत, खेळात उद्भवतात. नायकाच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या खेळांत दृश्य सतत हलते आणि शरीर मात्र सोफ्यावर स्थिर असते. डोळे सांगतात आपण धावतो आहोत, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण बसलो आहोत. या विसंगतीतून मळमळ, घाम, डोकेदुखी सुरू होते. ज्या मुलांना घाटात बस लागते, त्यांना हा त्रास होण्याचा संभव अधिक. "जेवायला बोलावलं की नको म्हणतो" या तक्रारीमागे कधी कधी एवढेच असते. खोलीत उजेड ठेवावा, पडद्यापासून दूर बसावे आणि त्रास सुरू होताच थांबावे. सवयीने जाईल म्हणून रेटू नये.

दुसरी तक्रार क्वचित उद्भवते, पण ती माहीत असलीच पाहिजे. वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना आकडी येते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला, आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना त्याआधी कधी आकडी आलेली नव्हती. आकडीचा आजार असणाऱ्या शंभरांपैकी साधारण तिघांनाच अशा प्रकाशाचा त्रास होतो. तेव्हा आकडीची औषधे चालू असलेल्या प्रत्येक मुलाचे खेळणे बंद करण्याचे कारण नाही, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारावे. खेळताना मूल गप्प होऊन एकटक पाहू लागले, हाताला बारीक झटके येऊ लागले किंवा डोळ्यांपुढे विचित्र काही दिसते म्हणाले, तर लगेच एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवून त्याला पडद्यापासून दूर वळवावे. दोन्ही डोळे मिटायला सांगू नये. मिटल्या पापण्यांतूनही लुकलुक आत पोहोचते.

डोळ्यांच्या नंबराविषयी सारखे विचारले जाते. खेळामुळे पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चोळले जातात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूर पाहिले की बरे वाटते. नंबर वाढू नये म्हणून मात्र याहून मोठा उपाय म्हणजे रोज दीड-दोन तास उघड्यावर, दिवसाउजेडी खेळणे. पडद्यापुढचे तास मोजणाऱ्या किती घरांत अंगणातले तास मोजले जातात?

तर द्यावा की देऊ नये, हे ठरवायचे कसे? माझी पद्धत साधी आहे. मुलाला देण्याआधी एका रात्री पालकांनी स्वतः तासभर खेळावे. ज्यांना जमत नाही त्यांनी कोणी खेळतानाची चित्रफीत यूट्यूबवर पाहावी. जाहिरातीची पाहू नये, तीत फक्त वेचक प्रसंग असतात. तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे: आपल्या हातांना काय करावे लागते, हरल्यावर काय होते आणि खेळ कुठे थांबवता येतो. मग मुलासोबत दोन-तीन वेळा बसावे, पण पडद्याकडे कमी आणि मुलाकडे अधिक पाहावे. खांदे कानांपर्यंत चढले आहेत का? श्वास रोखला जातो आहे का? "तुम्ही खेळा ना इथे" म्हणून कंट्रोलर तुमच्या हाती येतो का? तसे झाले तर मुलाने आपली मर्यादा स्वतःच सांगितली आहे. तिची थट्टा करू नये. खेळ बंद झाल्यावरची पंधरा मिनिटे सर्वांत बोलकी असतात. मूल खेळातली गोष्ट सांगत सुटले, ठोकळे काढून तसाच पूल बांधू लागले, तर खेळ पचला. ते धाकट्याला ढकलत सुटले, रडकुंडीला आले, सुन्न बसून राहिले, तर एक तर खेळ जड आहे किंवा वेळ जास्त झाला आहे, आणि कोणते खरे ते पुढच्या वेळी वेळ निम्मा करून कळते.

'व्यसन लागले आहे' हा शब्द पालक फार सहज वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू आहे, खेळांचा विकार नोंदवला आहे खरा. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे सारे सामान्यतः बारा महिने दिसावे लागते. दिवाळीच्या आठ दिवसांत सारखा मागतो, याला हौस म्हणतात.

आता या दोन खेळांचे माझे मत. लेगोचा खेळ सात वर्षांपासून, शेजारी मोठे माणूस बसणार असेल तर. एकट्याने खेळायचे असेल तर नऊ-दहापासून, दिवसाला एक भाग. सातच्या आतल्या मुलाला त्यातली कोडी सुटत नाहीत, आणि चिडण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच या वयात एकूण पडदाच दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको असे सांगितले आहे, तेव्हा त्या वयाचा प्रश्नच येत नाही. 'ग्रेट सर्कल' तेराच्या आत देऊ नये. तेरा ते सोळा या वयात आई किंवा वडिलांपैकी एकाने तो आधी पाहिलेला असावा आणि मारामारीची कठीणता सर्वांत खाली ठेवावी. ही मते सरासरी मुलासाठी आहेत. ज्याला रात्री दिवा लावून झोपावे लागते, त्याला दोन वर्षे अधिक द्यावीत.

घरात दोन मुले असतील, तर ज्याच्या हाती कंट्रोलर नाही त्याचे वय धरावे. चौदा वर्षांचा दादा दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर खेळतो, तेव्हा पाच वर्षांची बहीण सोफ्याच्या कडेवर बसून सारे पाहत असते. ती रडत नाही, कारण रडली तर तिला तिथून उठवतील. दादाचा खेळ ती झोपल्यानंतर किंवा तिच्या नृत्याच्या वर्गाच्या वेळी ठेवणे, एवढी तडजोड बहुतेक घरांना जमते. फक्त ती आधी ठरवावी लागते, कन्सोल विकत घेण्याच्या दिवशी, दोन्ही मुलांना समोर बसवून.